खाली दोन, वर एक

"प्रदर्शनात सोनं बघायला जायचं असतं, दाखवायला नाही," मुकुल शुभदाच्या मानेमागे पुटपुटला. पुतळ्यांच्या माळेचा हूक पुन्हा त्याच्या बोटांतून निसटला. "हा हूक कुणी बसवलाय कोण जाणे. नेहमीची चेन घाल की. सुटसुटीत."

"तुझ्याच गाठवणाऱ्याने बसवलाय," शुभदा आरशातून म्हणाली. "मला काय विचारतोस?"

हूक बसला तसा मुकुल लगबगीने बूट शोधायला गेला. बूट दारातच होते, तरी तो ते बराच वेळ शोधत राहिला.

शुभदाने माळ पदरावर सारखी केली. चार आण्याच्या जुन्या नाण्याएवढ्या सोन्याच्या पुतळ्या, एकीला एक लागून. माळ आईची. आईने ती शेवटच्या आजारात स्वतः गळ्यातून काढून, भाऊ आणि वहिनी समोर बसलेले असताना, शुभदाच्या ओंजळीत ठेवली होती. "मुलीचं मुलीला," एवढंच म्हणाली होती. मग डोळे मिटून पडली. भाऊने उठून पंखा एकाने वाढवला होता.

आज भाऊचा सत्कार होता. आयुष्यभर सरकारी नोकरीत फायली पुढे सरकवून भाऊने एकच शौक केला: सोनारांनी आणि सराफांनी आपापल्या दुकानात पाडलेल्या जुन्या पुतळ्या जमवणे. त्यांचं पहिलंच प्रदर्शन आज ठाण्याला भरलं होतं. अशा दिवशी आईची माळ घालायची नाही तर कधी?

गाडी मोठागावच्या नव्या पुलावर आली. खाडीला ओहोटी होती. मुकुल पुलाबद्दल बोलू लागला. पूल झाल्याने किती वेळ वाचतो, आधी शिळफाट्याने कसं जावं लागायचं, खांब किती खोल गेले असतील. खांबांपर्यंत आला तेव्हा शुभदाने त्याच्याकडे वळून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा कधी गप्पा मारतोय आणि कधी शांतता बुजवतोय, एवढं बायकोला कळतं. पण का बुजवतोय, ते दर वेळी कळतंच असं नाही.

"बरं वाटत नाहीये का?"

"मला? छे. ऊन आहे जरा."

गाडीत एसी चालू होता.

टेंभी नाक्याजवळच्या त्या लहानशा सभागृहाच्या दारात सुहासिनीवहिनी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. शुभदाला पाहून ती हसली. मग तिची नजर माळेवर गेली आणि हसू जागच्या जागी राहून गेलं, आवराआवर करताना दारी पाहुणे आले की केरसुणी धरलेला हात थांबतो तसं.

"ही घातलीस?"

"घालू नको?"

"अगं, घाल ना. छानच दिसते." वहिनीने पेढा तिच्या हातात न देता थेट तोंडात भरला. "आधी चहा घे चल. मागे ठेवलाय. प्रदर्शन काय, पळून जात नाही."

पण तेवढ्यात भाऊचं भाषण सुरू झालं आणि त्या मागच्याच खुर्च्यांवर टेकल्या.

भाऊ भाषण करताना उंच वाटायचा. "राजांची नाणी कुणीही जमवतो," तो सांगत होता. "मी जमवतो ती कुठल्याच राजाने न पाडलेली. व्हेनिसचं सोन्याचं नाणं व्यापाराबरोबर आपल्याकडे आलं आणि बायकांना आवडलं. बाजारातून उठून ते गळ्यात जाऊन बसलं. मग जहाजांनी आणलेली पुरेनात, तेव्हा आपल्या सोनारांनी घरच्या घरी ठसे कोरले. मूळ नाण्यावर एक राजा संतापुढे गुडघे टेकून बसलाय. आपल्या सोनाराला ना तो राजा माहीत, ना संत. त्याने बायकांना सांगितलं, हे रामसीता. अक्षरं वाचता येत नव्हती, त्यांच्या जागी त्याने काड्या आणि टिंबं मारली. लोक ह्यांना नकली म्हणतात. मी म्हणतो, नकली ते, जे फसवण्यासाठी केलेलं असतं. आमची आई..."

इथे त्याची नजर शेवटच्या रांगेत आली. शुभदाने हसून माळेला हात लावून दाखवला. भाऊने पाण्याचा ग्लास उचलला, प्यायला, खाली ठेवला, आणि पुढचं वाक्य आईऐवजी आयोजकांच्या आभारापासून सुरू केलं.

शुभदाला गहिवरून आलं. आईची आठवण आली बिचाऱ्याला, असं ती मनात म्हणाली.

आईच्या गळ्यातल्या माळेची गोष्ट त्या घरात प्रत्येक लग्नामुंजीत निघायची, आणि ती सांगायचा मान शुभदाचा. भाऊची मुंज कल्याणला, घराच्या गच्चीवर. मातृभोजनाची वेळ. मुंजा मुलगा आईच्या ताटात अखेरचं जेवतो, आई त्याला घास भरवते, बघणाऱ्या बायका डोळे पुसतात. शुभदा तेव्हा रांगती, आईच्या मांडीवर. आईने भाऊसाठी घास उचलला, तो खालून गळ्याला ओढ बसली. बघतात तर शुभदाने माळेतली मधली पुतळी तोंडात धरलेली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी खुळखुळा आणला, सोडेल तर शपथ. सगळा मांडव हसून लोटपोट. शेवटी आजीने नाक चिमटीत धरलं तेव्हा तोंड उघडलं. जुनं सोनं लोण्यासारखं मऊ, पुतळीच्या कडेला दात उमटले. खाली दोन, वर एक. वरचा दुसरा तेव्हा यायचा होता.

गोष्ट संपली की सगळे हसत. भाऊही हसायचा, आणि पाणी प्यायला उठायचा.

ते दात आता माळेत नव्हते, हे शुभदाचं जुनं दुखणं. श्रियाच्या, म्हणजे शुभदा-मुकुलच्या लेकीच्या, लग्नाआधी माळेचा दोरा विरला म्हणून मुकुल ती कल्याणला गाठवायला घेऊन गेला. माळ परत आली ती लखलखीत. मधली पुतळी गुळगुळीत. "उजाळा देताना त्याने ठोकून सरळ केली," मुकुल म्हणाला होता. "त्याला वाटलं, पोचे आलेत. चांगल्या मनानेच केलं गं त्याने." शुभदा त्या रात्री रडली होती. त्या न पाहिलेल्या गाठवणाऱ्याला तिने मनातल्या मनात एक चेहरा दिला होता, चष्म्याची काच फुटलेला, हाताला घाई असलेला, आणि दर दिवाळीला माळ काढताना ती त्याचा उद्धार करायची. माळ हलकी झाल्यासारखी वाटते असंही ती म्हणायची. त्यावर मुकुल म्हणायचा, "तुझी मान भक्कम झाली आता." ह्या उत्तरावर ती हसायचीसुद्धा.

भाषण संपलं. लोक उठून काचपेट्यांकडे वळले. वहिनीने पुन्हा तिचा दंड धरला.

"चहा."

"वहिनी, मी चहाला डोंबिवलीहून आले नाहीये."

पहिली पेटी परदेशातून आलेल्या नाण्यांची होती. दुसरीत कोकणातल्या सोनारांची, त्यातल्या संताला एका कारागिराने चक्क मिशा दिल्या होत्या. शुभदाला त्या मिशा फार आवडल्या. तिसऱ्या पेटीपाशी एक जोडपं काचेवर वाकून उभं होतं.

"'कडेवर सराफाने पारखताना चावल्याच्या खुणा,'" नवऱ्याने खालची चिठ्ठी वाचली.

"सराफ बोळका होता मग," बायको म्हणाली. "खाली दोन आहेत, वर एकच."

"हळू बोल गं."

"त्याला काय ऐकू जातंय आता?"

ते हसत पुढे सरकले. शुभदा पुढे झाली.

पुतळी लाल मखमलीवर एकटीच ठेवलेली होती. इतर पुतळ्या तिच्या मागे, वर्गाच्या फोटोत उभ्या राहतात तशा. वरच्या बाजूला जिथे माळेत ओवायची कडी असते, तिथे आता कडी नव्हती, घासून गुळगुळीत केलेला एक ठिपका होता. आणि खाली, कडेला, एका बाजूने दोन बारीक खळगे, दुसऱ्या बाजूने एक.

तिची जीभ आपोआप वरच्या दातांमागे गेली. तिचा एक हात काचेवर होता. दुसरा स्वतःच्या गळ्यातली मधली पुतळी चाचपडत होता, गुळगुळीत, गुळगुळीत, सगळीकडून गुळगुळीत.

भाऊ, असं तिच्या मनात आलं. भाऊने. पण कसं? माळ तर कायम माझ्या कपाटात.

भाऊ हारतुऱ्यांसकट तिच्याकडे येत होता. त्याच्याआधी मुकुल तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला होता. त्याने पेटीत पाहिलं. आणि शुभदा तिथे आहे हे विसरून, किंवा विसरायला वेळच न मिळून, तो बोलून गेला.

"भाऊ, हे ठरलं नव्हतं. तुम्ही म्हणालेलात, ही मांडणार नाही."

पंख्यांचा आवाज एकदम मोठा झाला.

शुभदा वळली नाही. काचेत तिला तिघांचीही प्रतिबिंबं दिसत होती. नवरा, भाऊ, आणि चहाचा ट्रे धरलेली वहिनी. कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेच तिला आधी लागलं.

"शुभा, चहा गार होतोय," वहिनी म्हणाली.

"तुलाही ठाऊक होतं?"

वहिनी ट्रेमधल्या कपांचे कान एका दिशेला करू लागली.

तोवर जेवणाची वेळ झाली होती. आयोजकांनी पाहुण्यांना मागच्या अंगणात नेलं आणि सभागृह रिकामं झालं. शुभदाने हात मागे नेला. घरी एवढा त्रास दिलेला हूक एका झटक्यात निघाला. तिने माळ काढून पेटीच्या काचेवर ठेवली, तिच्या बरोबर खाली खरी होती.

"भाऊ, तू जाणकार. ही कशाची आहे?"

दुसऱ्या कुणाची असती तर भाऊने ती आधी हातात घेतली असती, तळहातावर वजन जोखलं असतं, भिंग काढलं असतं. त्याने हात लावला नाही.

"चांदी," तो म्हणाला. "वर सोन्याचं पाणी."

"न बघताच?"

भाऊने नजर मुकुलकडे वळवली.

मग मुकुल बोलला. एवढा वेळ बूट शोधत असलेला माणूस अखेर बूट सापडल्यासारखा. शहाडला नदीकाठी एक टॉवर होणार होता. त्यात त्याने तिला न सांगता फ्लॅट बुक केलेला. तिला चकित करायचं होतं. "तुला सकाळी चहा घेताना खिडकीतून नदी दिसली असती." बिल्डर पायाच्या वर गेलाच नाही. हप्ते मात्र जात राहिले. श्रियाचं लग्न तोंडावर आलेलं. म्हणून माळ विकली आणि तशीच चांदीची करून घेतली. "मी परत विकत आणणार होतो. खरंच. लग्नानंतर लगेच."

"मला नदी दाखवायची होती, तर रिक्षेने न्यायचंस," शुभदा म्हणाली. "शहाडला रिक्षा जातात."

मुकुलने मान खाली घातली. तिला त्याच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस दिसले. त्यांची कीव येऊ नये म्हणून ती दुसरीकडे बघू लागली.

"आणि गाठवणारा?"

"कोण?"

"चष्म्याची काच फुटलेला. ज्याने माझे दात घालवले."

"असा कुणी नव्हताच, शुभदा."

ह्या सगळ्यात तिला त्या माणसाचंच सगळ्यात वाईट वाटलं. इतक्या दिवाळ्या तिने त्याला बोल लावले आणि तो बिचारा जन्मालाही आला नव्हता.

"शुभा, ऐक," भाऊ म्हणाला. गळ्यातले हार काढून त्याने खुर्चीवर ठेवले. "ज्याला ह्याने माळ विकली, तो सराफ माझ्या ओळखीतला. जुन्या पुतळ्या आल्या की मला फोन करतो. मी गेलो, बघितली, दात बघितले. नसतो गेलो, तर संध्याकाळी मुशीत गेली असती. वितळवून मोकळा झाला असता तो. मी वाचवली गं. मुकुल माझ्या पाया पडला, तिला कळू देऊ नका म्हणाला. तुमच्या संसारात मी का..."

तो बोलत राहिला आणि शुभदाच्या आतलं काहीतरी सैल होऊ लागलं. भाऊ म्हणजे असाच. लहानपणी तिची फुटलेली पाटी त्याने आपली म्हणून आईला दाखवली होती आणि मार खाल्ला होता. आत्ताही तसंच. दोष आपल्याकडे येईल हे ठाऊक असून गप्प राहिला. ती त्याच्या दंडाला हात लावणार होती.

हात लावण्याआधी तिने पेटीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"कडी कुठे गेली रे?"

"अं?"

"वाचवलीस. मग कड्या का कापल्यास?"

"नाणं म्हणून मांडायचं तर कडी काढावी लागते. नियमच आहे तसा. म्हणजे, नियम नाही, पण... शुद्ध दिसतं."

"सगळ्यांच्या काढल्यास?"

"हो."

"म्हणजे आता माळ होणार नाही ह्यांची."

उत्तर वहिनीने दिलं, ट्रेकडेच बघत. "मी म्हटलं होतं यांना. निदान मधली राहू द्या, म्हटलं."

सभागृहात अत्तराचा आणि पेढ्यांचा वास कोंडला होता. मग शुभदाने विचारलं, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, शांत, शेजारणीला डबा परत मागावा तसा.

"श्रियाच्या लग्नात मी ही चांदीची घालून मिरवत होते. मंगलाष्टकांना तू माझ्या शेजारी उभा होतास. मी तुला म्हटलं, भाऊ, आई आहे बघ गळ्यात. तू हो म्हणालास."

"काय म्हणणार होतो मी?"

"मुकुल घाबरट आहे. ते मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे, मी पत्करलं. पण तू का नाही दिलीस परत? चोरून द्यायचीस. नवी गाठवलीय म्हणून बदलून टाकायचीस माझ्या कपाटात. दात परत कसे आले, ते मी विचारलंही नसतं. ह्या माणसाने फसवण्यासाठी बदलली, तू भलं करण्यासाठी बदलायचीस."

"ती फार दुर्मिळ आहे, शुभा. तुला कल्पना नाही. असा ठसा मी दुसरा पाहिला नाही. घरात, कपाटात, पावडरच्या डब्याशेजारी..."

"ही चिठ्ठी कुणी लिहिली?"

"कुठली?"

"सराफाने चावली म्हणून."

"मी."

"तुला ठाऊक होतं कुणाचे दात आहेत."

"हो."

"मग माझं नाव नको होतं तर नुसतं 'दात' लिहायचंस. सराफ कशाला आणलास मध्ये?"

मुकुल म्हणाला, "शुभदा, जाऊ दे ना. चूक माझी आहे, मी म्हणतोय ना," आणि वहिनी म्हणाली, "लोक येतील आता जेवून," आणि दोघांच्या बोलण्यातली घाई शुभदाच्या चांगली ओळखीची होती. मुंजीची गोष्ट सांगून झाली की आई अशीच घाईघाईने विषय बदलायची. "चला, पानं घ्या," म्हणायची. पाणी प्यायला उठलेल्या भाऊच्या पाठीकडे बघत म्हणायची.

हे तिला आत्ता पहिल्यांदा दिसलं. गोष्ट सांगताना ती नेहमी हसणाऱ्यांकडे बघायची.

भाऊने खिशातून किल्ली काढली. पेटी उघडली. पुतळी दोन बोटांत कडेने धरून उचलली, जाणकार धरतात तशी, पण त्याचा अंगठा थेट त्या एकट्या खळग्यावर जाऊन बसला. सवयीने बसल्यासारखा.

"आजीने तुझं नाक दाबलं," तो म्हणाला. "तू भोकाड पसरलंस. आई तुला घेऊन आत गेली. गोष्टीत एवढंच असतं ना?"

शुभदाने मान हलवली.

"ती परत आलीच नाही बाहेर. तू झोपेना म्हणून. घास ताटातच राहिला. वरणभात, वर तूप. सगळे हसत होते आणि मी तोंड उघडून बसलेलो." त्याने पुतळी तिच्यापुढे धरली, पण सोडली नाही. "शेवटी माळ आईने तुझ्या ओंजळीत घातली, तेव्हाही मी समोरच होतो."

वहिनीने ट्रे खाली ठेवला.

"वितळवतील म्हणून नाही घेतली मी, शुभा. मुकुलसाठी नाही, तुझ्यासाठी तर नाहीच. मला हवी होती ती."